बारावीनंतरचे एक वर्ष



दर वर्षी मे-जूनमध्ये निकाल लागले की शहरातील मंडळ्यांतून आम्हाला फोन येऊ लागतात. बहुधा आई बोलत असते. "मुलगी म्हणते, एक वर्ष थांबते. तुमच्याकडे सेवेला पाठवू का?" त्याच आठवड्यांत सातपुड्यातल्या आमच्या वसतिगृहातील मुले पत्र्याची पेटी उचलून गावी गेलेली असतात, आणि त्यांतली काही पुढे कोणत्या कॉलेजात जाणार, किंबहुना जाणार की नाही, हे कोणालाच ठाऊक नसते. दोघांच्याही कागदावर पुढे एकच शब्द पडतो : 'गॅप'. म्हणून या अंकात त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

'गॅप इयर' ही रीत इंग्लंडात १९६० ते ७० च्या दशकांत रुजली. शाळा संपली की वर्षभर प्रवास, नोकरी किंवा सेवाकार्य करायचे आणि मग विद्यापीठात जायचे. तिकडे हे जमते, कारण अनेक विद्यापीठे मिळालेला प्रवेश वर्षभर राखून ठेवतात. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठ तर प्रवेश मिळालेल्यांना अशा वर्षाचा विचार करा, असे स्वतःहून सुचवते. आपल्याकडे जागा सहसा कोणी राखत नाही. यंदाचे नीटचे गुण पुढल्या वर्षीच्या येथील वैद्यकीय प्रवेशाला चालत नाहीत. जेईई ॲडव्हान्स्डला लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच बसता येते. कल्पना तिकडून आली तरी तिच्याबरोबरची सोय आलेली नाही, हे पालकांनी आधी ध्यानात घ्यावे.

तरीही शहरातल्या तरुणांनी असे वर्ष काढावे, असे मला वाटते. फक्त बारावीनंतर नव्हे, पदवीनंतर. सतरा-अठरा वर्षांचे पोर येथे आले की पहिले दोन-तीन महिने पाणी सोसणे, घरची आठवण आणि पावरी किंवा मावची बोली कानावर पडून काही न समजणे यांतच जातात. त्यात त्याचा दोष नाही. पण तेवढ्या काळात मुलांना त्याचा लळा लागतो आणि ते निघून जाते. पदवीधराला निदान काहीतरी शिकवता येते, हिशोब ठेवता येतो, दवाखान्यात कोणाबरोबर जाता येते. त्यालाही लाभ होतो. नोकरी कोणती करायची नाही, हे पुष्कळांना येथेच कळले आहे. (आईवडिलांना ते नेहमीच रुचते असे नाही.) बारावीच्या मुलांसाठी उन्हाळी शिबिरे बरी. बाबा आमटे यांनी १९६७ साली सोमनाथ येथे सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी किंवा डॉ. अभय व राणी बंग यांचा २००६ पासूनचा 'निर्माण' उपक्रम यांची माहिती आपल्या तरुणसंघात अवश्य द्यावी.

आता दुसऱ्या गॅपविषयी. आमच्या भागातला मुलगा 'एक वर्ष थांबतो' असे म्हणत नाही. तो थांबवला जातो. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या गुजरातकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि कोयत्याला हातांची जोडी लागते. घरात बारावी झालेला, पण कॉलेजात नाव नसलेला मुलगा असेल, तर तो हात आयताच सापडतो. परत येईपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. त्यात सरकारी वसतिगृहातली जागा आणि शिष्यवृत्ती ही दोन्ही कॉलेजातल्या प्रवेशाला बांधलेली. प्रवेश नाही, तर खाट नाही, जेवण नाही आणि पैसाही नाही. शहरातल्या मुलाचे थांबलेले वर्ष बापाच्या घरात, बापाच्या ताटावर जाते. या मुलाला त्या वर्षात कमवावेच लागते, आणि एकदा घर त्या कमाईवर चालू लागले की त्याला परत सोडणे घरच्यांना जड जाते. मुलींचे तर त्याहून कठीण. नाव कॉलेजात आहे तोवर 'शिकते आहे' एवढे उत्तर पाहुण्यांना पुरते. नाव निघाले की स्थळे येऊ लागतात.

म्हणून आमच्या मुलांना माझा सल्ला वेगळा असतो : मनासारखे मिळाले नाही तरी कुठेतरी नाव घाला. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात काम करत पदवी घेता येते. नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका घेऊन थांबण्याची व पुढे परत येण्याची वाट ठेवली आहे. थांबायचेच झाले, तर हातात काहीतरी घेऊन थांबता येते. फेरपरीक्षेसाठी वर्ष घालवायचे असेल, तर गुण थोडक्यात हुकले आहेत का, एवढेच मी विचारतो. निम्मे गुण कमी पडले असतील, तर घरी बसून वर्षभरात ते भरून निघत नाहीत, आणि शहरातल्या शिकवणीचा खर्च या घरांना पेलत नाही.

वर्ष जाण्याचे आणखी एक कारण निव्वळ कागदी आहे, आणि मला सर्वांत जास्त चीड त्याचीच येते. अनुसूचित जमातीच्या राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर जात वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी वडील-आजोबांच्या नावाचे जुने दाखले, शाळेतल्या नोंदी गोळा कराव्या लागतात. आजोबा शाळेतच गेले नसतील, तर महसुली नोंदी शोधत फिरावे लागते. नावात एका अक्षराचा फरक निघाला की पुन्हा प्रतिज्ञापत्र. गुण आहेत, जागा आहे, आणि प्रमाणपत्र वेळेत हाती न आल्यामुळे मुलगी घरी, असे होते.

त्यामुळे या वर्षापासून आम्ही अकरावीच्या मुलांचे वैधतेचे अर्ज दिवाळीपूर्वीच भरून घेत आहोत. आपल्या मंडळीत महसूल खात्यातून निवृत्त झालेले कोणी असतील आणि जुन्या मोडी नोंदी वाचू शकत असतील, तर त्यांनी आठवडाभर आमच्याकडे यावे. राहण्याची सोय आहे. पाणी मात्र उकळून प्यावे लागेल.