मांडव की पचमढी?

भाऊबीज आटोपली की चार दिवस सगळ्यांनी मिळून कुठंतरी जायचं, एवढंच ठरलं होतं. कुठं, यावर आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दसऱ्यापासून खल चालला होता. मी नोकरीनिमित्त हैदराबादला, चुलतभाऊ पुण्यात आणि बाकी सगळं गोकुळ इंदूरला. बरीच नावं आली नि गळाली. शेवटी दोन उरली: मांडव-महेश्वर आणि पचमढी. एक विंध्याच्या कड्यावरचं, दुसरं सातपुड्याच्या पोटातलं.

बाबा ठामपणे मांडवच्या बाजूचे. इंदूरहून अवघे शंभरेक किलोमीटर, घरची गाडी, वाटेत मन मानेल तिथं थांबा. मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्यामध्ये उभा असलेला जहाज महाल, होशंगशाहाची संगमरवरी कबर, रस्त्याच्या कडेची ती जाडजूड खोडाची गोरखचिंचेची झाडं. हवा स्वच्छ असेल तर रूपमतीच्या मंडपातून खाली निमाडच्या सपाटीवर नर्मदेची रेघ दिसते. जेवायला दाल-पानिये. दुसऱ्या दिवशी उतरून महेश्वर: घाट, अहिल्याबाईंचा वाडा, हातमाग, नावेतून नदीच्या मधोमध असलेल्या बाणेश्वरापर्यंत फेरी. काकूची साडीखरेदी त्यात आलीच.

खरं सांगायचं तर मांडव मला मनापासून आवडतं. पण ते श्रावणातलं. ढग महालात शिरतात तेव्हाचं. दिवाळीनंतर गवत पिवळं पडू लागतं आणि उरतात त्या सुंदर इमारती. शिवाय इंदूरच्या कुठल्याही मराठी घरातल्या मुलानं शाळेच्या सहलीत, पाहुणे आले म्हणून, नवी गाडी घेतली म्हणून मांडव चार-पाचदा पाहिलेलं असतंच.

पचमढीचं तसं नाही. अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एक दिवस जाण्यात नि एक येण्यात. पण उंची हजार मीटरच्या वर, सालाची जंगलं, दऱ्या, धबधबे, आणि मध्य प्रदेशातलं सगळ्यात उंच शिखर धूपगड, १३५२ मीटर. आम्हा तरुण मंडळींची मतं अर्थातच तिकडं. काकांनी त्यात इतिहासाची फोडणी घातली: इंग्रजांच्या काळात मध्य प्रांताचं सरकार उन्हाळ्यात नागपूरहून पचमढीला मुक्काम हलवायचं, म्हणून तिथं ते जुने बंगले.

बाबांकडं मात्र हुकमी पत्ता होता. "आजीला झेपेल का?"

त्यावर आम्ही गप्प झालो, कारण त्याआधीच्या वर्षीची सहल कुणीच विसरलं नव्हतं. एका धबधब्याच्या गावी गेलो होतो. पायऱ्या पाहून आजी म्हणाली, तुम्ही या जाऊन. आम्ही अर्ध्या तासात येतो म्हणालो आणि अडीच तासांनी आलो. ती गाडीत बसून होती, काचा अर्ध्या खाली, पाण्याची बाटली संपलेली. रागावली नाही, काही बोललीही नाही. परत येताना भावानं धबधब्याचे फोटो दाखवायला फोन पुढं केला, तर म्हणाली, "घरी गेल्यावर बघू." ते फोटो तिनं आजतागायत पाहिलेले नाहीत.

म्हणून या वेळी मी रीतसर तक्ता केला. कुठल्या जागी किती पायऱ्या, गाडी कुठवर जाते, बसायला सोय काय. बी फॉल बाद, शेकडो पायऱ्या. जटाशंकर बाद, तिथंही उतार आणि चढ. धूपगडला जीप अगदी माथ्यापर्यंत जाते, ते चालेल. तरी गुणांच्या बेरजेत मांडव पुढं होतं. आजीसाठी मांडव, असं आम्ही जवळजवळ ठरवून टाकलं होतं.

दिवाळीला घरी आले तेव्हा तो तक्ता मी मोठ्या अभिमानानं आजीला वाचून दाखवला. ती चिवड्याचे पोहे निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मले कोनं इचारलं?"

अठ्ठावन्न वर्षं इंदुरात काढल्यावरही फार आतलं काही बोलताना तिच्या जिभेवर माहेर येतं. माहेर सौंसरचं. पूर्वी ते छिंदवाडा जिल्ह्यात होतं, आता पांढुर्णा जिल्ह्यात आहे. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, सौंसर मध्य प्रदेशात राहिलं, बोली मात्र मराठीच राहिली. त्या मुलखातली आणि विदर्भातली माणसं महाशिवरात्रीला पचमढीजवळच्या चौरागडावर महादेवाला त्रिशूळ वाहायला जातात, हे मला ऐकून ठाऊक होतं. पण आजीचे वडील वर्षानुवर्षं खांद्यावर त्रिशूळ घेऊन जात, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. "मोठी झालीस की नेईन," असं ते तिला म्हणायचे. मोठी झाल्यावर लग्न होऊन ती इंदूरला आली.

"पण आजी, तिथं तेराशेच्या वर पायऱ्या आहेत."

"मी चढते म्हटलं का?"

बाबा अजून कुरकुरत होते, पण आता त्यात जोर नव्हता. गाडी नेण्याचा बेत रद्द केला. इंदूर-जबलपूर रात्रीच्या एक्सप्रेसची तिकिटं मिळाली, आजीला खालची बर्थ. पहाटे पिपरियाला उतरलो आणि तिथून जीपनं पन्नासेक किलोमीटरचा घाट. तुम्हीही वडीलधाऱ्यांना घेऊन जाणार असाल तर हाच मार्ग घ्या, नऊ तास गाडीत पाय दुमडून बसण्यापेक्षा बरा. पचमढीतल्या बऱ्याच ठिकाणी खासगी गाडी सोडत नाहीत, परवानगी काढून तिथलीच जिप्सी करावी लागते. चालकाला आधीच सांगून ठेवलं, की आजी पुढं बसतील.

पहिल्या संध्याकाळी धूपगड. दुसऱ्या दिवशी सकाळी बडा महादेव. गुहेत पाणी ठिबकत असतं आणि तिथवर आजी काठी टेकत, बाबांचा हात धरून स्वतःच्या पायांनी गेली. चौरागडाची वाट तिथूनच पुढं जाते. तिनं दुकानातून वीतभर उंचीचा त्रिशूळ घेतला, पदराला पुसला आणि माझ्या हातात दिला. सूचना एकच, वाटेत जमिनीवर ठेवायचा नाही.

भाऊ आणि मी आळीपाळीनं तो नेला. आधी जंगलातली वाट, मग संपता न संपणाऱ्या पायऱ्या. पुण्याच्या जिमची मिजास अर्ध्यावर उतरली. वर देवळाभोवती त्रिशूळांचे ढीगच ढीग, काही माणसापेक्षा उंच, गंजलेले, एकमेकांत अडकलेले. आमचा इवलासा त्रिशूळ कुठं ठेवावा कळेना. शेवटी दक्षिणेकडच्या कडेला, एका जुन्या मोठ्या त्रिशुळाला टेकवून ठेवला.

खाली आलो तेव्हा चार तास उलटून गेले होते. माझ्या पोटात गोळाच आला होता. आजी चहाच्या टपरीशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, टपरीवाल्या बाईशी गप्पा रंगल्या होत्या, बाबा शेजारी डुलक्या घेत होते. फोन तिनंच मागितला. दोन बोटांनी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला.

"सौंसर कोणत्या अंगाला?"

मी दक्षिणेकडच्या डोंगररांगांवर बोट ठेवलं. "या बाजूला. पण इथून दिसत नाही."

"नाही दिसायचं," ती म्हणाली. मग फोन परत देत बाबांना हलवलं, "ऊठ रे, पोरं आली. भुकेजली असतील."