ब्रिटनची राज्यघटना : तोंडी शब्द की लेखी कागद?

कचेरीत काम करणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. साहेब तोंडी "तुमचे काम झाले समजा" म्हणाले, तरी फाईल हलत नाही. त्याला लेखी आदेश लागतो. साहेबांची बदली झाली की तोंडी शब्दही त्यांच्याबरोबर जातो. कागद मात्र मागे राहतो. ब्रिटनमध्ये राज्यघटनेवरून अनेक वर्षे चाललेला वाद नेमका याच प्रश्नाभोवती फिरतो.

ज्या देशाने आपल्यावर राज्य केले, त्याच्याकडे आपल्यासारखी एका ग्रंथात बांधलेली राज्यघटना नाही. तिला आपण अलिखित म्हणतो, पण ते पूर्ण खरे नाही. १२१५ चा मॅग्ना कार्टा, १६८९ चा हक्कांचा कायदा, १९११ व १९४९ चे संसद कायदे हे सारे लिहिलेलेच आहे. मात्र ते विखुरलेले आहे, आणि बराचसा कारभार रूढ संकेतांवर चालतो. शिवाय तेथे संसद सर्वश्रेष्ठ. आपल्याकडे घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागते. तेथे कितीही मूलभूत कायदा साध्या बहुमताने बदलता येतो.

सुधारणांची वाटचाल

१९८८ साली 'चार्टर ८८' या चळवळीने लिखित घटनेची मागणी केली. लिखित घटना आली नाही, पण पुढे अनेक सुधारणा झाल्या. १९९८ मध्ये मानवी हक्क कायदा झाला. त्याच वर्षी स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड यांना स्वतंत्र विधिमंडळे देणारे कायदे आले. १९९९ च्या कायद्याने हाउस ऑफ लॉर्ड्समधील वंशपरंपरागत उमरावांपैकी ९२ सोडून बाकीचे बाहेर गेले. या उरलेल्या जागाही रद्द करणारे विधेयक सरकारने २०२४ मध्ये मांडले. हे सभागृहच मोडून राष्ट्रे व प्रांत यांचे निर्वाचित सभागृह आणावे, अशी शिफारस माजी पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांच्या आयोगाने २०२२ मध्ये केली होती.

संकेत मोडला तर?

२०१९ मध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या सल्ल्याने संसद पाच आठवड्यांसाठी बंद ठेवण्याचा हुकूम निघाला. युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा वाद तेव्हा ऐन भरात होता. सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी एकमुखाने तो हुकूम बेकायदा ठरवला. पण संसदच चुकली तर? २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले, की आश्रय मागणाऱ्यांना पाठवण्यासाठी रवांडा सुरक्षित देश नाही. २०२४ मध्ये संसदेने कायदा करून तो सुरक्षित आहे असे ठरवून टाकले! नव्या सरकारने त्याच वर्षी ती योजना गुंडाळली, हे खरे. मात्र संसदेचा कायदा रद्द करण्याचा अधिकार तेथील न्यायालयाला नाही. मानवी हक्कांशी तो विसंगत आहे, एवढेच ते जाहीर करू शकते.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. निवडून न आलेल्या न्यायाधीशांच्या हाती अंतिम शब्द का द्यावा, असे लिखित घटनेचे विरोधक विचारतात. लवचीकपणामुळे कामे लवकर होतात, असेही ते म्हणतात. भारताच्या स्वातंत्र्याचे विधेयक ४ जुलै १९४७ रोजी मांडले गेले आणि १८ जुलैला त्याचा कायदा झाला.

आपल्या बांधवांचा प्रश्न

या वादाचा आपल्याशी काय संबंध, असे वाचकांना वाटेल. संबंध आहे. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या समाजालाही जातीचा जाच चुकलेला नाही. तेथील समता कायद्यात जातीचा समावेश सरकारने केलाच पाहिजे, अशी तरतूद संसदेने २०१३ मध्ये केली. २०१४ मध्ये भारतातून नेलेल्या एका घरकामगार महिलेच्या प्रकरणात अपील न्यायाधिकरणाने म्हटले, की 'वांशिक मूळ' या शब्दांत जातही येऊ शकते. २०१८ मध्ये सरकारने याच निर्णयाकडे बोट दाखवले. न्यायालयीन निर्णय पुरेसे आहेत, कायद्यात जात हा शब्द घालणार नाही, असे त्याने जाहीर केले.

येथे तर कागदही होता! 'केलेच पाहिजे' असे संसदेने लिहून दिले होते. तरी फाईल अडली.

बाबासाहेब लंडनमध्ये शिकले, ब्रिटिश संसदीय पद्धत त्यांनी जवळून पाहिली. तरी देशाला घटना देताना त्यांनी हक्क लेखी केले, आणि ते मिळवण्यासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा मार्ग कलम ३२ मध्ये ठेवला. त्याच वेळी त्यांनी बजावले, की घटना कितीही चांगली असो, ती राबवणारे वाईट निघाले तर ती वाईटच ठरेल. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात ते म्हणाले होते, की घटनात्मक नीती उपजत नसते, ती प्रयत्नाने अंगी बाणवावी लागते.

ब्रिटनने आपली घटना एका ग्रंथात लिहावी की नाही, हे तेथील जनता ठरवील. पण दुबळ्याला लेखी हक्क हवाच, कारण संकेत मोडला तर त्याच्या हाती दाखवायला काहीच उरत नाही. आणि कागद मिळाला म्हणून घरी बसूनही चालत नाही. फाईलचा पाठपुरावा ज्याचा त्यालाच करावा लागतो.