होडीचं इंजिन (भाग 6) : पाच इंचांचा हिशेब

आउटबोर्ड इंजिन घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी अश्वशक्ती विचारतं, मग किंमत, मग तेल किती पितं ते. पायाची लांबी विचारणारा विरळाच. खरं तर ती इंजिनाच्या नावातच असते. यामाहा किंवा सुझुकीच्या मॉडेलच्या आकड्यांपाठोपाठ जी अक्षरं येतात त्यांत ‘एस’ असेल तर पाय आखूड, ‘एल’ असेल तर लांब आणि ‘एक्स’ असेल तर त्याहून लांब. या तीन पायांची मापं ढोबळमानाने 15, 20 आणि 25 इंच.

मागच्या आठवड्यात कोणत्या होडीला किती ताकद लागते ते पाहिलं. आता समजा, 14 फुटी फायबरची होडी आहे. तिच्या मागच्या सपाट फळीची, म्हणजे ट्रान्समची, उंची 15 इंच. मालकाला 9.9 अश्वशक्तीचं चांगलं वापरलेलं इंजिन स्वस्तात मिळालं, पण ते ‘एल’ निघालं. फरक पाच इंचांचा. हे इंजिन बसेल का?

बसेल. स्क्रू आवळले की कुठलंही इंजिन कुठल्याही फळीवर बसतं. ते पाण्यात कुठे येतं, हा खरा प्रश्न आहे.

पायाची लांबी मोजतात ती ट्रान्समवर टेकणाऱ्या पकडीच्या वरच्या कडेपासून पंख्याच्या वर असलेल्या आडव्या पत्र्यापर्यंत. मिस्त्री त्याला कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात. वरची हवा पंख्यापर्यंत ओढली जाऊ नये म्हणून ही प्लेट असते. होडीच्या तळाखालून सरकलेलं पाणी जिथे मागे सुटतं, त्याच पातळीवर किंवा तिच्या इंचभर खाली ही प्लेट असली की पंख्याला सलग, घट्ट पाणी मिळतं. प्लेट फार वर राहिली तर पंखा हवा गिळतो. इंजिन एकदम ओरडतं आणि होडी मात्र जागची हलत नाही. इंजिन थंड ठेवणारं पाणीही खालच्या भागातूनच आत ओढलं जातं, त्यामुळे पाय फार वर गेला तर इंजिन तापण्याचीही भीती असते.

आपल्या उदाहरणात उलटं होतं. 15 इंची फळीवर 20 इंची पाय टांगला की प्लेट तळाच्या पाच इंच खाली जाते. एवढ्याने काय बिघडतं, असं वाटणं साहजिक आहे. पण प्लेटच्या वरचा पायाचा भाग पाणी कापण्यासाठी घडवलेला नसतो. तो पाण्यात ओढला गेला की वेग मरतो आणि पाण्याचा फवारा पायावरून चढून थेट होडीत येतो. पायाच्या मागच्या बाजूला एक लहान भोक असतं. इंजिन मंद चालताना धूर तिथून सुटतो. ते पाण्याखाली गेलं की धुराला वाट मिळत नाही आणि मंद गतीवर इंजिन वारंवार बंद पडतं. वरचं यंत्रही पाण्याच्या पाच इंच जवळ येतं, आणि मागून आलेली लाट एवढं अंतर सहज गाठते. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असेल तर ओहोटीला पंखा पाच इंच आधी वाळूला लागतो, ते वेगळंच.

तेव्हा इंजिन पाच इंच वर उचलायलाच हवं. त्याचे मार्ग तीन.

पहिला म्हणजे पायच आखूड करणं. काही मॉडेलांना आखूड पायाचे सुटे भाग मिळतात, पण मधलं घर, आतला उभा दांडा, पाण्याची नळी, गिअरची सळई असं बरंच बदलावं लागतं. स्वस्तात घेतलेलं इंजिन मग स्वस्त राहत नाही.

दुसरा मार्ग जॅक प्लेटचा. ही धातूची चौकट फळीला बोल्टने बसते आणि इंजिन तिच्यावर चढतं. उंची मागेपुढे करता येते, ही मोठी सोय. मात्र इंजिन काही इंच मागे सरकतं. चाळीसेक किलोचं फोर-स्ट्रोक इंजिन मागे गेलं आणि चालवणाराही मागेच बसला, की लहान होडीचं नाक वर उचलतं.

तिसरा मार्ग फळीच उंच करण्याचा. कोकणातल्या सुताराला हा सगळ्यात जवळचा वाटेल, आणि चूकही इथेच होते. पाच इंचांचा लाकडी ठोकळा जुन्या फळीच्या माथ्यावर ठेवायचा, दोन-चार लांब स्क्रू मारायचे आणि इंजिन चढवायचं. किनाऱ्यावर ते भक्कम दिसतं.

पाण्यात काय होतं ते पाहा. पंखा होडीला पुढे ढकलतो, पण तो ढकलतो फळीच्या बऱ्याच खालून. त्यामुळे इंजिनाची पकड खालच्या टोकाशी फळीला पुढे दाबते आणि वरच्या टोकाशी मागे खेचते. इंजिनाचं वजनही वरचं टोक मागेच ओढतं. लहान इंजिनांचे आवळायचे स्क्रू पकडीच्या वरच्या भागात असतात, म्हणजे ते सगळे नव्या ठोकळ्यावर येतात आणि खालचा टेकू मात्र जुन्या फळीवर. नवं लाकूड मागे खेचलं जातंय, जुनं पुढे दाबलं जातंय, आणि दोघांमधला सांधा नेमका ओढाताणीच्या मधोमध. रिव्हर्स टाकला की जोर उलटा फिरतो. अशा हेलकाव्यांत स्क्रूची भोकं सैल होतात, भेगेत खारं पाणी शिरतं आणि लाकूड आतून कुजू लागतं.

म्हणून नुसता माथा वाढवायचा नाही, नवं लाकूड जुन्या फळीच्या पाठीला खालपर्यंत न्यायचं. मरीन प्लायचा एक अखंड तुकडा आतल्या बाजूने तळापासून नव्या उंचीपर्यंत उभा करायचा, इपॉक्सीने चिकटवायचा आणि वरून फायबरचा थर द्यायचा. ट्रान्सम आणि होडीच्या बाजू यांच्या कोनात दोन्हीकडे त्रिकोणी आधार बसवायचे, म्हणजे मागे खेचणारा जोर होडीच्या अंगात वाटला जातो. एकूण जाडी मात्र पकडीच्या तोंडात मावली पाहिजे, नाहीतर सगळं झाल्यावर रंधा हाती घ्यावा लागतो. या कामाचा एक फायदा असा की मागची कड पाच इंच उंच होते आणि पाठीमागून येणारी लाट आत यायला तेवढी अडते.

नवी उंची ठरवताना टेपवर विसंबून चालत नाही. ट्रान्सम मागे कललेला असतो, तळाला कधी बाक असतो, कधी मधोमध कण्याची पट्टी असते. त्यापेक्षा होडी पाणसळ लावून सरळ ठेवावी आणि एक लांब, सरळ लाकडी पट्टी मधल्या रेषेत तळाला खालून चिकटवून मागे दोन फूट बाहेर काढावी. इंजिन टांगून पाय उभा केला की प्लेट पट्टीच्या वर आहे की खाली, हे डोळ्यांना दिसतं. ते जुळल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नये.

भोकं पाडतानाही घाई नको. भोक आधी बोल्टपेक्षा मोठं पाडायचं, इपॉक्सीने भरायचं आणि सुकल्यावर मधोमध नेमक्या मापाचं पाडायचं. बोल्ट आणि लाकूड यांच्यामध्ये इपॉक्सीची नळी तयार होते आणि प्लायच्या कडेत पाणी मुरत नाही. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, आतून मोठे वायसर, न सुटणारे नट आणि वर मरीन सीलंट. नुसत्या आवळायच्या स्क्रूंवर इंजिन सोडू नये. थरथरीने ते ढिले होतात.

दक्षिणेच्या किनाऱ्यावर हा प्रश्न वेगळ्या रूपात आला. 1980 च्या दशकात केरळच्या मच्छिमारांनी आउटबोर्ड इंजिनं मोठ्या प्रमाणावर घेतली, तेव्हा तिथली पारंपरिक वल्लमं दोन्ही टोकांना निमुळती होती. त्यांना मागची सपाट फळीच नव्हती. मग काठाला लाकडी चौकट बांधून इंजिन बाजूला टांगलं जाई. त्याच काळात कन्याकुमारी जिल्ह्यातल्या मुट्टमला प्लायवूडच्या होड्या बांधायला सुरुवात झाली आणि 1980 साली स्थापन झालेल्या साउथ इंडियन फेडरेशन ऑफ फिशरमेन सोसायटीज या संघाने त्या पसरवल्या. आधी होडी आणि मग तिला जमेल तसं इंजिन, हा क्रम तिथे हळूहळू बदलला.

आपल्या 14 फुटी होडीची चाचणी शांत पाण्यात, पण नेहमीएवढी माणसं आणि सामान घेऊन घ्यावी. थंड करणाऱ्या पाण्याची धार सतत पडते का, ते आधी पाहावं. मग पूर्ण गतीवर फेरे मोजावेत. बहुतेक लहान फोर-स्ट्रोक इंजिनांना मिनिटाला 5,000 ते 6,000 फेरे अपेक्षित असतात. नेमका आकडा पुस्तिकेत सापडतो. सरळ जाताना सगळं ठीक, पण झपकन वळताना पंखा हवा गिळत असेल, तर इंजिन अर्धा इंच खाली घ्यावं. मागे फवारा उडत असेल तर तेवढंच वर. किनाऱ्याला परतल्यावर पाना घेऊन प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळावा, कारण पहिल्या फेरीत लाकूड थोडं दबतंच.

उंची जुळूनही फेरे कमी पडत असतील तर दोष बहुधा पंख्यात असतो. त्यावर कोरलेल्या दोन आकड्यांचा अर्थ पुढच्या आठवड्यात.