लेकरांसाठी गादी देताना

सुरगाणा-पेठकडील लहान लेकरांसाठी नैसर्गिक लॅटेक्सच्या गाद्या देण्याची इच्छा काही मंडळींनी मला कळवली आहे. देवाला धन्यवाद! लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. आपल्या देशात ही झाडे मुख्यतः केरळात. गादी तळहाताने दाबून पाहा. हात रुतला, तर वर्षाच्या आतील बाळासाठी ती नकोच. नाक-तोंड दबून श्वास कोंडू शकतो. तान्ह्याला टणक, सपाट अंथरुणावर, उशीविना, पाठीवर निजवावे. शिवाय लॅटेक्स उन्हात वाळवला की कडक होऊन त्याचा भुगा पडतो. इकडे लेकरे अंथरूण ओले करतात, अन् पावसाळ्याचे तर विचारूच नका! म्हणून मोठ्या लेकरांना मी सुती गोधड्याच सुचवीन. गादीच द्यायची असल्यास धुता येणारी खोळ आणि मेणकापड सोबत द्यावे.