नेट म्हणते मुंबई, घर आहे नांदेडला

नांदेडला तरोडा नाक्याजवळ किंवा लातूरला औसा रोडवर फायबरचे कनेक्शन घेतले, कॉम्प्युटर लॅन केबलने जोडला, की थोड्याच दिवसांत एक गोष्ट खटकायला लागते. पडद्याच्या कोपऱ्यातले हवामान मुंबईचे असते. लातूरचे आभाळ जुलैतही कोरडे ठक्क, आणि कॉम्प्युटर मुसळधार पावसाचा इशारा देतो. ‘जवळचा दवाखाना’ शोधला तर पाचशे-सहाशे किलोमीटरवरचा निघतो. देगलूर-धर्माबादकडे स्थानिक पुरवठादाराने बँडविड्थ हैदराबादहून घेतली असेल तर जाहिराती तेलुगूत येऊ लागतात. १९४८ मध्ये निजामाच्या राजवटीतून सुटलेला मुलूख कॉम्प्युटरच्या हिशेबी पुन्हा हैदराबादेत जमा होतो. मग नेटवाल्याला फोन जातो आणि राउटर बंद करून चालू करायचे ठरलेले उत्तर मिळते. त्याने बहुधा काही होत नाही, कारण बिघाड लाइनमध्ये नसतोच. माझे म्हणणे याच्याही एक पायरी पुढचे आहे. अशा कनेक्शनवर ‘मुंबई’ हे उत्तर जितके चूक आहे, तितकेच ‘नांदेड’ हेही बहुतेक वेळा चूकच ठरेल.

आयपी अ‍ॅड्रेसला आपण पत्ता म्हणतो, पण त्यात गाव, तालुका, पिनकोड यांपैकी काहीच नसते. तो नुसता आकडा आहे. आशिया-पॅसिफिक भागासाठी या आकड्यांचे वाटप ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनची ‘एपनिक’ ही संस्था पाहते, आणि भारतात ‘निक्सी’ या संस्थेच्या अखत्यारीतली ‘आयआरआयएनएन’ ही नोंदणी संस्था २०१२ पासून ते काम करते. आकड्यांचा गठ्ठा कंपनीच्या नावावर चढतो आणि नोंदीत पत्ता लागतो तो कंपनीच्या कचेरीचा. मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या कंपनीचा गठ्ठा कागदोपत्री मुंबईचाच राहतो, मग त्यातले आकडे किनवटला वापरा नाहीतर उदगीरला. या नोंदी आणि इकडून तिकडून मिळालेल्या खुणा जुळवून काही खासगी कंपन्या ‘हा आकडा या गावचा’ अशी यादी तयार करून विकतात. हवामानाची खिडकी, जाहिरातदार, बँका हे बहुतेक जण अशा तयार याद्यांवरच चालतात. अमेरिकेतल्या ‘मॅक्समाइंड’ या अशाच एका कंपनीला ज्या आकड्यांचे गाव कळत नव्हते, त्यांना तिने देशाच्या साधारण मध्यावरचा एक बिंदू देऊन टाकला होता. तो बिंदू कॅन्सस राज्यातल्या एका शेतावर पडत होता. साठ कोटींहून जास्त आकडे त्या शेताच्या नावावर जमा झाले आणि तिथल्या घरी वर्षानुवर्षे पोलीस, वसुलीवाले आणि चिडलेले अनोळखी लोक येत राहिले. २०१६ मध्ये हे उघडकीला आल्यावर कंपनीने बिंदू उचलून एका जलाशयात नेऊन ठेवला. गंमत अशी, की याच कंपनीच्या नोंदीत ‘हा अंदाज इतक्या किलोमीटरच्या परिघात धरावा’ असा रकानाही असतो. ज्याने हवामानाची खिडकी बनवली तो परीघ सोडून देतो आणि गावाचे नाव तेवढे उचलतो.

याद्या अचूक केल्या म्हणजे प्रश्न सुटेल, असे कोणी म्हणेल. इथेच खरी मेख आहे. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, एकूण आकडे सुमारे ४२९ कोटी, आणि जगाची लोकसंख्या आठशे कोटींच्या वर. एपनिककडचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या गठ्ठ्यावर आला. त्यानंतर नव्या सभासदाला त्या गठ्ठ्यातून जास्तीत जास्त १०२४ आकडे मिळत, २०१९ पासून फक्त ५१२. पाच-सहा हजार घरांना जोडण्या देणाऱ्या केबलवाल्याने ५१२ आकड्यांत भागवायचे कसे? तर एकच आकडा अनेक घरांत वाटून. हे वाटप तुमच्या घरीही पाहता येते. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून (काही राउटरला हा आकडा वेगळा असतो) राउटरचे पान उघडा आणि ‘वॅन आयपी’ पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ या दरम्यान सुरू होत असेल, तर तुम्ही वाटपातले गिऱ्हाईक. एप्रिल २०१२ मध्ये हा पट्टा खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. आता ‘माझा आयपी कोणता’ असे सांगणाऱ्या एखाद्या साइटवर जा. तिथे दुसराच आकडा दिसेल. बाहेरच्या जगाला हा दुसराच दिसतो, आणि त्याच क्षणी तोच आकडा घेऊन परभणीतले कोणी सिनेमा पाहत असेल, अहमदपूरचे कोणी फॉर्म भरत असेल. अशा आकड्यापुढे यादीत ‘नांदेड’ लिहिले तर परभणीकराची तक्रार सुरू होईल. त्यातल्या त्यात खरे उत्तर ‘महाराष्ट्र’ एवढेच, पण यादी विकणाऱ्याला शहराचा रकाना रिकामा ठेवणे परवडत नाही.

मोबाइल मात्र गल्लीसकट बरोबर दाखवतो, मग कॉम्प्युटरलाच काय झाले, ही शंका रास्त आहे. मोबाइल आयपीवर फारसा विसंबत नाही. त्याच्याकडे जीपीएस असतो, आणि घरात उपग्रह नीट दिसत नसले तर तो आजूबाजूच्या वाय-फाय राउटरांचे क्रमांक टिपून गुगल किंवा अ‍ॅपलच्या साठ्याशी ताडून पाहतो. लॅन केबलवरच्या, वाय-फाय नसलेल्या कॉम्प्युटरला यातले काहीच मिळत नाही. त्याच्या हाती उरतो तो आयपीचा अंदाज. वाय-फायच्या पद्धतीचीही वेगळी खोड आहे. लातूरला शिकवणीसाठी खोली घेतलेल्या मुलाने परीक्षा झाल्यावर राउटर उचलून गावी नेला, तर साठ्यात त्या राउटरचा क्रमांक काही काळ लातूरचाच राहतो. दाट वस्तीत शेजारचे दहा राउटर खरे सांगतात म्हणून चूक झाकली जाते. शेतातल्या एकट्या घरात ती टिकते. तिथे मोबाइलचे लोकेशन आणि त्याची अचूकता वाढवणारी सोय काही दिवस चालू ठेवावी. जीपीएसने मिळालेली जागा आणि राउटरचा क्रमांक सोबत पोचत राहिले की साठा आपोआप दुरुस्त होतो.

म्हणून राउटरला हात लावण्याआधी एकच गोष्ट ठरवावी: चूक सांगतो आहे कोण? कॉम्प्युटरवर गुगलचे शोधपान तळापर्यंत सरकवा. तिथे गावाच्या नावाशेजारी ते कशावरून ठरवले हेही लिहिलेले असते: आयपी अ‍ॅड्रेसवरून, उपकरणावरून, खात्यातल्या पत्त्यावरून की तुमच्या आधीच्या वावरावरून. पत्ता किंवा जुना वावर आडवा येत असेल तर खात्यात बदल करावा. व्हीपीएन (दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरमार्फत नेट वळवणारी सोय) चालू राहिले असेल तर बंद करावे. हे कारण वाटते त्यापेक्षा जास्त वेळा निघते. आयपी असेल तर विंडोजच्या लोकेशन सेटिंगमध्ये ‘डीफॉल्ट लोकेशन’ म्हणून घराची जागा एकदा नोंदवून ठेवावी, आणि हवामानाच्या खिडकीत गावाचे नाव हाताने लिहावे. एवढ्यावर नव्वद टक्के वैताग संपतो असे मी आकडेवारीविना म्हणेन. राउटर बंद-चालू केल्याने कधी कधी वेगळा आकडा मिळून गाव बदलतेही, पण ती लॉटरी झाली.

एवढ्याशा गोष्टीचा बाऊ कशाला, असाही सूर निघेल. हवामान आणि जाहिरातींपुरते ते खरे आहे. ऑनलाइन मागवलेली वस्तूही पिनकोडवर येते, आयपीवर नाही. पण ‘मुंबईहून नवे लॉगिन झाले’ असा ईमेल नांदेडच्या माणसाला आला की दोनच गोष्टी होतात. तो घाबरून भलत्याच लिंकवर बोट ठेवतो, किंवा दोन-चारदा असे झाल्यावर खऱ्या चोरीच्या इशाऱ्याकडेही काणाडोळा करतो. दुसरी सवय जास्त धोक्याची. अशा ईमेलात गाव पाहू नये, वेळ आणि उपकरणाचे नाव पाहावे. दोन्ही आपली नसतील तर ईमेलातल्या लिंकला हात न लावता थेट अ‍ॅप उघडून पासवर्ड बदलावा.

पोलीस तर आयपीवरूनच गुन्हेगार पकडतात, मग त्यात गाव नाही कसे? पोलीस गावाच्या याद्यांवर चालत नाहीत, चालू नये. ते कंपनीकडे जातात, कारण अमुक वेळी अमुक आकडा कोणत्या गिऱ्हाइकाकडे होता याची नोंद तिच्याकडे असते; डिसेंबर २०२१ पासून परवान्याच्या अटीनुसार ती किमान दोन वर्षे ठेवावी लागते. वाटून दिलेल्या आकड्यासाठी नेमकी वेळ आणि पोर्ट क्रमांकही लागतो. यात घोळ झाला तर काय होते, ते २००७ मध्ये दिसले. ऑर्कुट या तेव्हाच्या सोशल साइटवर शिवाजी महाराजांची बदनामी केल्याच्या आरोपावरून पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका तरुण संगणक व्यावसायिकाला अटक केली. दूरसंचार कंपनीने दिलेला आयपीचा तपशीलच चुकीचा होता. सुटका होईपर्यंत तो तरुण पन्नास दिवस तुरुंगात होता.

चुकीचे गाव दिसले तर खासगीपणा राखला जातो, असा युक्तिवाद करणारेही भेटतात. कंपनीच्या वहीत तुमचे नाव आहेच. झाकले जाते ते फक्त हवामान.

दुरुस्तीची खरी जागा कंपनीकडे आहे. ऑगस्ट २०२० मध्ये ‘जिओफीड’ नावाची एक साधी पद्धत प्रसिद्ध झाली: कंपनीने स्वतःच यादी जाहीर करायची, प्रत्येक ओळीत आकड्यांचा पट्टा, देश, राज्य आणि शहर. शहर नक्की नसेल तर तो रकाना रिकामा ठेवायची मुभा आहे, आणि वाटपातल्या आकड्यांसाठी तेच योग्य. नव्या आयपीव्ही६ मध्ये आकड्यांचा तुटवडा नाही, घरटी स्वतंत्र पट्टा देता येतो; तिथे शहर प्रामाणिकपणे लिहिता येईल, कंपनीने मनावर घेतले तर. याद्या विकणाऱ्यांकडे दुरुस्तीचे अर्ज असतात, पण ते घरच्या माणसाने भरण्यात फार अर्थ नाही, आकडा उद्या बदलू शकतो. तेव्हा पुढच्या वेळी नेटवाल्याला फोन कराल तेव्हा राउटरचे बोलू नका. तुमचा जिओफीड आहे का, आयपीव्ही६ कधी देणार, हे दोन प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरही लेखी मागा.