आधी नोकरी की आधी शिक्षण?
सरकारी साहाय्यावर जगणाऱ्या, मुख्यतः एकट्या मातांना प्रथम शिक्षण द्यावे, की थेट नोकरी शोधावयास लावावे? अमेरिकेत १९९० च्या दशकात या प्रश्नाची कसोटी घेण्यात आली. अटलांटा, ग्रँड रॅपिड्स व रिव्हरसाइड येथे दोन्ही मार्ग शेजारी-शेजारी राबविले गेले. कोणास कोणता मार्ग, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरे. काहींना तुलनेसाठी योजनेबाहेर ठेवले जाई. नोकरीच्या मार्गाचे फळ लवकर दिसले. शिक्षणाचा मार्ग पाच वर्षांतही त्यापुढे गेला नाही. पोर्टलंडने मात्र दोहोंची सांगड घालून, चांगल्या वेतनाच्या नोकरीचा आग्रह धरून सर्वांत सरस यश मिळविले. तथापि, बहुतेक ठिकाणी कमाई वाढली तसे साहाय्य घटले व एकूण उत्पन्न जवळपास तेवढेच राहिले. काम मिळाले म्हणजे दारिद्र्य सरले असे नव्हे, हे योजनाकारांनी ध्यानी ठेवावयास हवे.