पाळी कधी आली होती?

या प्रश्नाचं उत्तर पंधरा-सोळा वर्षांच्या मुली बहुधा सणावरून देतात. पोळ्याच्या आधी. किंवा महालक्ष्म्या बसल्या तेव्हा बाजूला बसले होते, म्हणून लक्षात आहे. सिस्टर भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून मागे जाते, तारीख काढते आणि तिथून आठवडे मोजते. गर्भाचं वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात. म्हणजे पाळी चुकल्याचं कळतं त्याच दिवशी चार आठवडे आधीच खर्ची पडलेले असतात. हे मुलीला कुणी सांगितलेलं नसतं, तिच्या आईलाही नाही.

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात बसून मी अल्पवयीन मुलींच्या गर्भपाताचं हे काम पाहिलं. गाव सांगत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याचं 23वं कलम मुलीची ओळख पटेल असं काही छापू देत नाही, आणि आपल्याकडे तालुका कळला की आडनावापर्यंत पोचायला लोकांना वेळ लागत नाही.

हिशेब सरळ आहे. नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी भागतं: आधी मिफेप्रिस्टोन, दीड-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल. बारापर्यंत हाताने ओढायची सिरिंज, दहा-पंधरा मिनिटांचं काम. त्यापुढे दाखल करून कळा आणाव्या लागतात. गर्भपात कायद्यातल्या 2021च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलींसाठी मर्यादा 24 आठवडे केली. विसाव्यानंतर दोन डॉक्टरांचं मत लागतं. चोवीसही उलटले तर बहुतेकींना हायकोर्ट, म्हणजे इथल्या माणसाला नागपूर, तीनशे किलोमीटरहून लांब.

आठवडे जातात कुठे? आधी घरात. पित्त झालं, ऊन लागलं, रक्त कमी आहे. मग मेडिकलवरून कुणीतरी आणून दिलेल्या गोळ्या, ज्यांनी अर्धवट रक्तस्राव होतो आणि सगळ्यांना वाटतं, सुटलो. आशाताईंच्या पिशवीत ‘निश्चय’ची कार्डं असतात, पाच मिनिटांत दोन रेघा दिसतात. पण ती मागायला कुमारिका कशी येणार? ‘मायले समजते तवा तिसरा महिना सरला रायते,’ एक आशाताई म्हणाल्या. त्या पाणी भरायच्या वेळी मुलींशी बोलत राहतात, मुद्दाम, काही काम नसताना. या कामाला मोबदला नाही. माझ्या मते अख्ख्या यंत्रणेतलं सर्वांत मोलाचं काम हेच आहे, कारण पुढची प्रत्येक गोष्ट आठवड्यांवर ठरते.

रुग्णालयात आल्यावर रक्तगट, हिमोग्लोबिन, सोनोग्राफी. गट निगेटिव्ह निघाला तर अँटी-डीचं इंजेक्शन. मग डॉक्टर आईला बाहेर बसवतात. अठराच्या आतल्या मुलीसाठी लेखी संमती पालकाची लागते, आणि कायद्यात पालक म्हणजे जिच्या देखरेखीत मुलगी आहे ती व्यक्ती, मावशीही चालते. तरी या डॉक्टर मुलीला एकटीला विचारतात, ‘तुला काय पाहिजे?’ मी पाहिलं त्या मुलीने उत्तर द्यायला बराच वेळ घेतला, आणि पहिलं वाक्य होतं, ‘शाळेत सांगसान काय?’

त्यानंतर रजिस्टर. मला सगळ्यांत जास्त गुंतवलं ते त्याने. नियमानुसार मुलीचं नाव फक्त प्रवेश नोंदवहीत लिहायचं. केसपेपरवर, ऑपरेशन थिएटरच्या वहीत, फेरतपासणीच्या कार्डावर कुठेही नाव नाही, नुसता क्रमांक. संमतीपत्र आणि डॉक्टरांचं मत पाकिटात घालून सील करायचं, वर ‘गोपनीय’ लिहायचं. 2021पासून नाव फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आणि त्याच टेबलावर, त्याच डॉक्टरला, पोक्सोच्या 19व्या कलमाखाली पोलिसांना कळवणं भाग आहे. न कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद. गुन्हेगार कधी घरातलाच माणूस असतो, कधी मुलीचा एकोणीस वर्षांचा मित्र, आणि सुप्रीम कोर्टाच्या 2017च्या निकालानंतर सतरा वर्षांच्या बायकोचा नवराही. सुप्रीम कोर्टाने 29 सप्टेंबर 2022 रोजी वाट काढली: मुलीने आणि पालकाने विनंती केली तर कळवताना तिचं नाव द्यायची गरज नाही. ‘निकाल मला पाठ आहे,’ डॉक्टर म्हणाल्या, ‘पण तक्रार लिहिणारा पहिला प्रश्न नावाचाच विचारतो.’ घरातल्या माणसाने अत्याचार केला असेल तिथे कळवण्याची सक्ती मुलीच्या बाजूची आहे, यात मला शंका नाही. पण त्याच सक्तीच्या धास्तीने दुसऱ्या मुलीचं घर मेडिकलच्या गोळ्यांकडे वळतं, हेही तितकंच खरं.

गुन्हा नोंदला की गर्भाचा अंश डीएनए तपासणीसाठी ठेवतात. सलाइनमध्ये, बर्फावर; फॉर्मलिन चालत नाही, त्याने डीएनए खराब होतो. सिस्टर बाटलीवर लेबल लावताना दोनदा क्रमांक वाचते.

बुलढाण्याच्याच ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली, ती सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यावरून. अवैध संबंधातून झालेलं मूल मारल्याबद्दल तिला आधी फाशी, मग काळ्या पाण्याची शिक्षा झाली. बोल सगळा बाईला का, पुरुषाला का नाही, हा ताराबाईंचा सवाल होता. आता पुरुष कागदावर आला आहे, खरा. बाहेर बाकावर बसलेली आई मात्र अजून एकच हिशेब करत होती: गावात काय सांगायचं.

सिस्टरनेच तो सोडवला. पंधरा दिवसांनी तपासणीला यायचं, ताप किंवा जास्त अंगावरून गेलं तर लगेच. शाळेत कावीळ सांगा. काविळीला रजा मोठी मिळते, तेल-तिखट बंद असतं, आणि संसर्गाच्या भीतीने कुणी घरी बघायलाही येत नाही.